फाईल दाखवा, मग बोली मागा

लिलावात गाडी विकणाऱ्याला त्या गाडीचे सगळे माहीत असते आणि घेणाऱ्याला फक्त तिचा रंग दिसतो. जुन्या गाड्यांच्या लिलावातला सगळा अन्याय एवढ्यात आला. तो शिक्के मारून, पावती फाडून, कायद्याच्या आडोशाने चालतो, म्हणून मला त्याची जास्त चीड येते. चोरबाजारातला ठग निदान पळून तरी जातो. इथे गाडी गळ्यात मारणारा त्याच कार्यालयात, त्याच खुर्चीत बसलेला सापडतो. तक्रार घेऊन गेलात की तो छापील अटींचा कागद पुढे सरकवतो. गाडी ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकली आहे, खाली सही तुमची आहे, आता निघा.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात लिलावाची गाडी कोणी हौसेने घेत नाही. देवरीहून चिचगडकडे, सालेकशाहून दरेकशाकडे, अर्जुनी मोरगावहून केशोरीकडे जाणाऱ्या माणसाला विचारा, एसटीच्या दोन फेऱ्यांच्या मधला वेळ कसा जातो. तो वेळ काळीपिवळी, मॅजिक, बोलेरो यांनी भरून काढलेला असतो. त्या गाडीच्या चाकामागे बसलेला पोरगा बहुधा धानाच्या बांधावरून आलेला असतो. आधारभूत केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे आले, त्यात आईची पोत मोडली, सासऱ्याने थोडे दिले, आणि गाडी घ्यायची ठरली. नवी गाडी आवाक्याबाहेर, जुन्या गाडीवरचे कर्ज महाग. मग कोणीतरी सांगते, ‘भाऊ, नागपूरच्या यार्डात बँकेच्या गाड्या निघतात, अर्ध्या भावात भेटते.’ पोरगा सकाळच्या गाडीने नागपूर गाठतो. त्याच्या खिशात घरादाराची सगळी पुंजी असते, आणि समोर ओळीने उभ्या गाड्यांपैकी एकही त्याला सुरू करून पाहता येत नाही. बॅटरी उतरलेली आहे, किल्ली कार्यालयात आहे, चालवून पाहण्याची अटीत सोय नाही.

‘स्वस्तात मिळते तर जोखीम घ्यायला नको का?’ असे मला पांढरपेशे लोक विचारतात. जोखीम घेण्याला माझी हरकत नाही. दोन्ही बाजूंना सारखेच ठाऊक नसेल तर ती जोखीम. एका बाजूच्या कपाटात सगळा तपशील लिहून ठेवलेला असेल आणि दुसरीला तो पाहू दिला जात नसेल, तर ती लपवाछपवी. लिलावात नेमके हेच चालते. बँकेने गाडी ओढून आणली की यार्डात सामानाची यादी होते, मूल्यांकन करणारा येऊन अहवाल देतो. विमा कंपनीकडे सर्व्हेअरचा अहवाल असतो. कोणता भाग वाकला, कोणता फुटला, पाणी कुठवर चढले होते, सगळे त्यात ओळीने लिहिलेले असते. पोलिसांकडे पंचनामा असतो. तहसीलदाराकडे जप्तीचा आदेश असतो. म्हणजे माहिती नाही असे नाही. ती कागदावर आहे, सही-शिक्क्यानिशी आहे आणि बोली लावणाऱ्यापासून दूर ठेवलेली आहे. दहा रुपयांच्या गोळीच्या पाकिटावर आत काय आहे ते छापावे लागते. लाखो रुपयांच्या आणि माणसे वाहणाऱ्या यंत्राला मात्र यातून मोकळीक आहे.

बँकांचे आणि फायनान्स कंपन्यांचे आधी घेतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथून होते आणि सगळ्यांत कमी बोलले जाते.

कर्ज मंजूर होते त्याच दिवशी कर्जदाराकडून नमुना २९ आणि नमुना ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या, ही या धंद्याची रीत आहे. नमुना २९ म्हणजे मालकी बदलल्याची सूचना, नमुना ३० म्हणजे बदलाचा अर्ज. माणसाने गाडी अजून घरी नेलेली नसते आणि ती विकल्याचे कागद सही होऊन बँकेच्या कपाटात जातात. पुढे हप्ते थकतात. सीझिंगवाले रस्त्यात गाडी अडवतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात बजावले होते की वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत. गाडी ताब्यात घेण्याआधी नोटीस आणि विकण्याआधी कर्ज फेडायची शेवटची संधी यांची तरतूद करारातच असली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये वित्तीय कंपन्यांना सांगितले. ती नोटीस गावात पोचते का, हे कोणत्याही गावात जाऊन विचारा.

गाडी ओढून नेल्यावर कायदा काय म्हणतो ते पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५१, पोटकलम ५: बँकेने गाडी ताब्यात घेतली आणि मूळ मालक आरसी देत नसेल किंवा परागंदा असेल, तर बँकेने नमुना ३६ मध्ये अर्ज करून स्वतःच्या नावाची नवी आरसी घ्यावी. परिवहन अधिकाऱ्याने मूळ मालकाला म्हणणे मांडायची संधी द्यावी, जुनी आरसी रद्द करावी, नवी द्यावी. रस्ता सरळ आहे. हा रस्ता धरला तर गाडी आधी बँकेच्या नावावर येईल, मग लिलाव होईल आणि घेणाऱ्याला स्वच्छ नाव मिळेल. पण मग मधल्या काळात मालक म्हणून नोंद बँकेची राहील, कर बँकेला भरावा लागेल, चलने बँकेच्या पत्त्यावर येतील. म्हणून कोऱ्या सह्यांची ती जुनी पाने कपाटातून निघतात आणि गाडी थेट कर्जदाराच्या नावावरून लिलावातल्या गिऱ्हाइकाकडे जाते. बँक दोघांच्या मधून अलगद बाजूला होते. पैसे तिने घेतलेले असतात आणि नोंदवहीत तिचे नाव फक्त बोजापुरते असते.

याची किंमत दोन घरे मोजतात. एक घर गाडी घेणाऱ्याचे. नाव चढवायला तो गोंदियाच्या परिवहन कार्यालयात जातो तेव्हा कळते की बोजा उतरवल्याचे पत्र अजून निघालेले नाही, सही जुळत नाही, मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो मोबाइल बंद आहे, कर थकलेला आहे, चलने बाकी आहेत. गाडी दारात उभी आणि रस्त्यावर आणायची सोय नाही. बँकेला विचारले तर, ‘तुमच्या एजंटला विचारा.’ एजंटला विचारले तर, ‘बँकेने पेपर पाठवले की करून देतो.’ महिने जातात. पोटासाठी तो शेवटी तशीच गाडी रस्त्यावर काढतो.

दुसरे घर ज्याची गाडी गेली त्याचे, आणि त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्याची गाडी ओढून नेली, विकली, वर बाकी रकमेची नोटीसही धाडली. तरी आरसीवर मालक तोच. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले की गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचे नाव नोंदवहीत आहे. त्या प्रकरणातली गाडी अपघाताआधीच अनेकदा विकली गेली होती आणि नोंद मात्र पहिल्याच्या नावावर राहिली होती. न्यायालयाचे बरोबर होते. अपघातात मेलेल्या माणसाच्या नातलगांनी गाडीच्या विक्रीची साखळी कुठवर शोधत बसायचे? आता हाच नियम आमच्या जिल्ह्याला लावा. तिरोड्याच्या शेतकऱ्याची गाडी बँकेने नेऊन विकली. नाव बदलले नाही. ती गाडी गोरेगावजवळ कोणाला उडवून गेली. मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आधी तिरोड्याच्या त्या शेतकऱ्याच्या दारात येईल. गाडी नाही, पैसा नाही, आणि आता वकील लावून न्यायालयात सिद्ध करायचे की ती गाडी माझी नव्हती. ज्या बँकेने नमुना ३६ चा अर्ज करायचा कंटाळा केला, तिचा कोणताही अधिकारी त्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात उभा नसतो.

कराचा एक चटका यात आणखी आहे. कर्ज थकलेल्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसाकडून जप्त केलेल्या मालाची खरेदी किंमत जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे दर तिमाहीला पाच टक्क्यांनी कमी धरायची असते. पाच वर्षांच्या वीस तिमाह्या झाल्या की ती शून्यावर येते, आणि खरेदी-विक्रीच्या फरकावर लावायचा कर सगळ्या बोलीवर लागतो. जुन्या गाड्यांवरचा हा दर जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी लहान गाड्यांना तो १२ टक्के होता. सगळ्यांत जुनी गाडी सगळ्यांत गरीब माणूस घेतो.

सरकारी लिलावांकडे वळतो. गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या आवारात जा. बेशरमाची झुडपे मोटारींच्या खिडक्यांतून आत शिरलेली दिसतील. तहसील कार्यालयामागे वाळूच्या प्रकरणात पकडलेले ट्रॅक्टर उभे असतात, कारण वैनगंगा आणि वाघ या नद्यांच्या पात्रांतून वाळू उपसणे हा इथला मोठा चोरधंदा आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली वाहन जप्त होते. वन विभागाच्या डेपोत सागवान वाहणाऱ्या गाड्या, उत्पादन शुल्क विभागाकडे दारू वाहणाऱ्या. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण गाडी कुजवून कोणाला शिक्षा होते? सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात १ ऑक्टोबर २००२ रोजी सांगून ठेवले की जप्त वाहने ठाण्याच्या आवारात फार काळ ठेवण्यात काहीच अर्थ नाही. फोटो काढा, पंचनामा करा, हमी घेऊन सोडा, कोणी घेत नसेल तर विका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतच घातली आहे: मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे विवरण, आणि विवरणानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. गाडी सहा महिन्यांत विकली तर तिला गाडीची किंमत येते. सहा वर्षांनी विकली तर लोखंडाची येते. मधला सगळा पैसा जनतेचा बुडाला, आणि त्याचा जाब कोणी द्यायचा हे कुठेही लिहिलेले नाही.

मग एक दिवस लिलाव निघतो आणि तिथे तेच चार चेहरे उभे असतात. कोणी कोणत्या गाडीवर थांबायचे हे बाहेर चहाच्या टपरीवर ठरलेले असते. एखादा बाहेरचा माणूस बोली वाढवायला लागला की त्याच्या कानाशी येऊन सांगतात, ‘काका, हिचे पेपर नाहीत, फसाल.’ आणि खरेच पेपर नसतात. म्हणून तर ही धमकी चालते. कागद लपवून ठेवण्याचा फायदा कोणाला होतो, हे त्या टपरीवर उभे राहिले की कळते.

वास्तविक सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी कायद्याने वेगळी वाट करून ठेवलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ५७. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्ये अर्ज करायचा, त्याला विक्री कायम केल्याचा आदेश आणि लिलावाला अधिकार देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडायची. गाडीला क्रमांकच नसेल किंवा क्रमांक खोटा निघाला, तर तिला आधी त्या सरकारी खात्याच्या नावाने नवा क्रमांक द्यायचा आणि मग घेणाऱ्याचे नाव चढवायचे. इतके नीट लिहिलेले आहे. अडते ते प्रमाणित प्रतीपाशी. पैसे भरल्याची पावती त्याच दिवशी मिळते, आदेशाची प्रत मात्र मागत फिरावे लागते. साहेब दौऱ्यावर, बाबू रजेवर, फाईल भंडाऱ्याला. ३० दिवस असेच सरतात, आणि उशीर मात्र घेणाऱ्याच्या माथी येतो.

सीमेवरच्या आम्हा लोकांना आणखी एक फास आहे. रजेगावच्या पुलापलीकडची एमपी ५० किंवा राजनांदगावची सीजी ०८ गाडी आम्हाला शेजारच्या घरची वाटते. लिलावात ती एमएच ३५ पेक्षा स्वस्त जाते. स्वस्त का, हे कोणी सांगत नाही. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणा, इथे नवा क्रमांक घ्या, महाराष्ट्राचा कर भरा. हे प्रमाणपत्र आणायचे काम अटींच्या कागदात घेणाऱ्यावर टाकलेले असते आणि ते मिळायला मूळ मालक लागतो, जो बालाघाट जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावातून कधीच निघून गेलेला असतो.

विम्यात ‘टोटल लॉस’ ठरलेल्या गाड्यांचा प्रकार तर जिवावरचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरातल्या वस्त्यांमध्ये उभ्या मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाड्यांची भरपाई दिल्यावर विमा कंपनी सांगाडा लिलावात विकते. तो कोणी घेतो, धुतो, पुसतो, नवी सीट कव्हरे घालतो. आरसीवर ‘ही गाडी बुडाली होती’ अशी नोंद कुठेच नसते. वाहन कायमचे निकामी झाले तर मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे कलम ५५ म्हणते. पण सांगाड्यासोबत आरसीही विकली जाते, कारण चोरीच्या गाडीला चढवायला त्या कागदाला आणि चेसीस क्रमांकाला वेगळा भाव असतो. नवी मुंबई पोलिसांनी २०२१ मध्ये एक टोळी पकडली. पनवेल भागात २०१९ च्या पुरात बुडालेल्या, भंगार म्हणून विकल्या गेलेल्या चारशेच्या आसपास नव्या मोटारी चेसीस क्रमांक बदलून, वेगवेगळ्या राज्यांत नोंदवून ग्राहकांना विकल्या गेल्या होत्या. दीडशेच्या आसपास परत मिळाल्या. उरलेल्यांमध्ये कोण बसले आहे?

ब्रिटनमध्ये विमा कंपनीने बाद केलेल्या गाडीला ए, बी, एस, एन यांपैकी एक वर्ग मिळतो. पहिल्या दोन वर्गांतली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाही, आणि उरलेल्यांचा शिक्का गाडीच्या इतिहासात कायम राहतो. जपानमधल्या लिलावघरांत प्रत्येक गाडीला तपासनीसाचा तक्ता लावलेला असतो. कुठे ओरखडा, कुठे रंगकाम, अपघातातून दुरुस्त केली का, सगळे त्यावर. तिथेही गाडी आहे तशीच विकतात. ती कशी आहे हे आधी सांगतात, एवढेच.

न्याय मागायला जावे म्हटले तर तिथेही दार अर्धे बंद. जाहीर लिलावात आहे त्या स्थितीतला भूखंड घेणारा हा ‘ग्राहक’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगड प्रशासन विरुद्ध अमरजित सिंग प्रकरणात म्हटले. तो निकाल जमिनीचा. पण लिलावाची गाडी घेऊन कोणी ग्राहक आयोगात गेला की समोरचा वकील पहिल्यांदा तोच पुढे करतो. माणूस पाहून, तपासून, दर विचारात घेऊन बोली लावतो, हा त्यामागचा विचार. किल्ली न दिलेल्या गाडीला हा विचार कसा लावता? १९३० चा वस्तू विक्री कायदा याहून न्यायी होता. त्याच्या कलम ६४ मध्ये लिहिले आहे की विक्रेत्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर केला नसेल आणि तरीही त्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावली, तर घेणारा ती विक्री कपटाची मानू शकतो. आज मोबाइलवर चालणाऱ्या लिलावात समोरची बोली कोणाची हे तपासायचे साधन घेणाऱ्याकडे नाही. वर सर्वांत मोठी बोली लागल्यावरही ‘विक्रेत्याच्या मंजुरीस अधीन’ म्हणून बयाणा अडकवून ठेवतात.

माझी मागणी सरळ आहे. नमुना ३६ ची आरसी बँकेच्या नावावर आल्याशिवाय जप्त गाडीचा लिलाव होऊ नये. थकलेला कर आणि चलने विक्रीच्या रकमेतून विक्रेत्याने भरावीत. मूल्यांकनाचा किंवा सर्व्हेअरचा अहवाल बोलीच्या आधी जसाच्या तसा दाखवावा. ठरल्या मुदतीत नाव चढले नाही आणि चूक विक्रेत्याची असली, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. टोटल लॉसची नोंद आरसीवर यावी. यातल्या काही गोष्टींना दिल्लीचा नियम लागेल, हे मला कळते. पण सरकारी लिलावांपुरते बरेचसे काम गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने होईल: लिलावाच्या सूचनेत प्रत्येक गाडीचा चेसीस क्रमांक, कराची बाकी, गुन्ह्याची आणि न्यायालयाच्या आदेशाची स्थिती छापायची, आणि विक्री कायम केल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत गाडीच्या किल्लीसोबत हातात द्यायची.

हे कागद माहिती अधिकारात मागून घ्या, असे मला एका अधिकाऱ्याने सुचवले. त्या अर्जाच्या उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि लिलावाची सूचना व बोली यांच्यात तीस दिवस क्वचितच असतात. उत्तर येईल तेव्हा गाडी विकून झालेली असेल. त्याच २००५ च्या कायद्याचे कलम ४ सांगते की कार्यालयाने माहिती कोणी मागायच्या आधी स्वतःहून प्रसिद्ध करावी. पुढची सूचना फलकावर लागेल त्या दिवशी मी या कलमाचा लेखी हवाला देऊन तहसील कार्यालयात प्रत्येक गाडीची फाईल उघडी ठेवायला सांगणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.